अंगठा मिळणार नाही

मी, अंबिका माणिकप्पा हालकुडे, वय ५९, धंदा शेवया करून देणे, राहणार बाजार रस्ता, मुरुड, जिल्हा लातूर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या पश्चात काय कोणाला जावे ते लिहून ठेवते. मला स्किझोफ्रेनिया आहे. हे पहिल्याच परिच्छेदात सांगते, म्हणजे उद्या कोर्टात कोणी ते शोधून काढल्याचा आव आणायला नको. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी बोलले तसे वकिलांनी टंकले. एकदोन ठिकाणी त्यांनी भाषा सौम्य करून पाहिली. मी ती होती तशी करून घेतली.

१. घर. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, घराचा रस्त्याकडचा भाग वाटणीने माझा आहे. तो मी माझा धाकटा भाऊ शिवमूर्ती याची मुलगी मंजुश्री हिला देते. शिवमूर्तीला नाही. कारण लिहिते.

नांदेडला एम.ए. करत असताना मी आजारी पडले. कानातले आवाज औषधांनी आटोक्यात आले, वाचन मात्र परतले नाही. अक्षरे ओळखू येत; पण डोळा अर्ध्यातून खालच्या ओळीवर घसरे आणि क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर कर्ता हातून सुटलेला असे. श्रावणभर मठात पोथी वाचणाऱ्या मुलीचा वर्तमानपत्रातला एक परिच्छेद पुरा होईना. घरच्यांनी अर्थ काढला की डोकेच गेले. कित्येक वर्षे मीही तेच धरून चालले.

२०१९ साली, वाटणीआधी, शिवमूर्ती मला निराधार पेन्शनचे काम म्हणून नोंदणी कार्यालयात घेऊन गेला. कागद पुढे आला. शब्द दिसत होते, अर्थ टिकत नव्हता. शिवमूर्ती कारकुनाला म्हणाला, "तिला वाचता येत न्हाई. डोक्याचा आजार हाय. अंगठा घ्या."

मी हात मागे घेतला. म्हणाले, "मोठ्यानं वाचा. मला ऐकू येतंय."

कारकून कंटाळत वाचू लागला. थोड्याच ओळींत 'माझा हक्क कायमचा सोडून देत आहे' असे आले. मी शाईचा पॅड बंद केला आणि बाहेर पडले.

मग शिवमूर्तीने गावभर सांगितले की बहीण पुन्हा बिघडली. त्याच्या घरातून माझ्याकडे एकटी मंजुश्री आली. तिनेच मला लातूरला डॉ. वैजनाथ सोनटक्के यांच्याकडे नेले. ते म्हणाले, या आजारात पुष्कळांचे वाचन अडते, त्यावरून अक्कल मोजायची नसते. मंजुश्रीने पुठ्ठ्याला एका ओळीपुरती खिडकी कापली. ती ओळीवर ठेवायची, मोठ्याने वाचायचे, काय कळले ते सांगायचे, मगच खाली सरकवायची. आत्याकडे गेलीस तर माझ्या दारात पाय ठेवू नको, असे बापाने तिला बजावले. ती म्हणाली, "मग आत्याच्या दारातून येईन." आणि आली. पुढे वाटणीचा कागद मी असाच ओळ ओळ सरकवत वाचला, आणि सही केली.

घराला एकच अट आहे. कोणीही कागद घेऊन दारात आला, तर तो त्याला पूर्ण वाचून दाखवावा. एवढेही येत नाही का, असे विचारू नये.

२. शेवयांचे यंत्र, मोटारीसकट, माझ्याबरोबर शेवया करणारी साखराबाई दगडोबा गायकवाड हिला. ती शाळेत गेली नाही, माझे एम.ए. अर्धवट. उन्हाळ्यात बायांची रांग दोघींपुढे सारखीच लागते.

३. पुस्तके. नांदेडहून आणलेली माझी पेटीभर पुस्तके शिवमूर्तीने रद्दीत घातली होती. मी ती रद्दीवाल्याच्या दुकानातून उचलून आणली. निम्मी अजून वाचायची आहेत. राहिली तर मंजुश्रीने पुरी करावीत.

४. बँकेत असेल ते आधी अंत्यविधीला, उरेल ते मंजुश्रीला.

५. शिवमूर्तीला काही नाही. विसरून राहिले, असे कोणी समजू नये. तो आला तर चहा द्यावा. घर देऊ नये.

६. मला आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे बसवून समाधी द्यावी. 'बिचारी सुटली' म्हणणाऱ्याने मातीला येऊ नये. मी अडकले नव्हते.

७. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाचे दुसरे कोणी दाखवले आणि त्यावर अंगठा असला, तर तो माझा समजू नये. या पत्राची अंमलबजावणी मंजुश्रीने करावी.

ठिकाण : मुरुड
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

(सही) अंबिका माणिकप्पा हालकुडे

साक्षीदारांचे निवेदन : अंबिकाताईंनी हे मृत्युपत्र आम्हां दोघांसमोर आरंभापासून अखेरपर्यंत स्वतः मोठ्याने वाचले. 'अंमलबजावणी' या शब्दावर त्या अडल्या. मी, भीमाशंकर, तो पुरवू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबा गुरुजी. येतंय." आम्ही थांबलो. शब्द आला. मग त्यांनी सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही केल्या.

(सही) भीमाशंकर संगप्पा तोंडारे, निवृत्त शिक्षक, मुरुड
(सही) डॉ. वैजनाथ सोनटक्के, लातूर