खारीचं पुस्तक, सातवं पान

७ जून, शनिवार
चिनूला सकाळी दहाला कुकटपल्लीला सोडलं, तिच्या बापाकडे. सु. दारात आला. (पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही.) "आलीस?" म्हणाला, दूध टाकणाऱ्या बाईला म्हणावं तसं. आठ वर्षं संसार केला या माणसाशी. मारत नाही, पीत नाही, वकिलाला सांगायला धड एक गुन्हा नाही. "तुझ्याशी बोलायची भीती वाटते" हे त्याचं कारण. भित्रा तो आणि घर मोडलं माझं.

कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी यादी दिलीय. घटस्फोटाआधी, चालू असताना, झाल्यावर घरच्यांनी काय वाचावं. सगळी इंग्रजी पुस्तकं. ११ जुलैला त्या चिनूशी एकट्या बोलणार, मग ती कुणाकडे राहावी याचा अहवाल जजसाहेबांकडे. चिनू मला पाहिजे. बाकी काही नेऊ दे त्याला.

९ जून, सोमवार
लॅबमधून लंचला कोठीच्या बाजारात, जुन्या पुस्तकांच्या दुकानात. यादीतलं एकही नाही. एक मराठी मिळालं, पातळ, चित्रांचं. खारीचं पिल्लू. बाप चिंचेवर राहायला जातो, आई लिंबाच्या झाडावरच राहते. शेवटचं पान आईबापांसाठी: मुलांसमोर एकमेकांची निंदा करू नका वगैरे. ते ऑटोतच फाडलं.

१० जून, मंगळवार
चिनू आता दुसरीत. इंग्रजी वाचते, तेलुगू वाचते, मराठी फक्त बोलते. मीच कधी शिकवलं नाही.

पुस्तकात आहे: 'बाबा चिंचेवर राहायला गेले, पण ते तुझेच बाबा आहेत.' मी वाचलं: 'बाबांना पिल्लाचा कंटाळा आला, म्हणून ते चिंचेवर पळून गेले.' बोट मात्र ओळीखालूनच फिरवलं.
"असं लिहेलं आहे?"
"हौ."
वाईट वाटायला पाहिजे होतं. बरं वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं.

१४ जून, शनिवार
पुस्तक पप्पाकडे न्यायचा हट्ट. नेऊ दिलं. तिथं वाचणार कोण? सु. तेलुगू शाळेत शिकला, मराठीच्या तिसऱ्या शब्दाला अडखळतो. सासूबाईंना मराठी वाचनाचं वेड होतं, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन मीच दोन वर्षं लांबवलं. आधी चिनूची शाळा, मग उन्हाळा, मग सणवार. खरं म्हणजे नंतर त्यांच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालायचे नव्हते मला. आता ते कामाला आलं.

१९ जून, गुरुवार
आईनं ऐकलं मी काय वाचते ते. तिला वाचता येतं, हे विसरलेच होते. "वासंती, लेकराला विष पाजू नको." मी म्हटलं, तुझ्या घरात राहते म्हणून ऐकून घेतेय, नाहीतर बाबा तुला का सोडून गेले ते मलाही सांगता येतं. ती स्वयंपाकघरात गेली. गौलीगुड्याच्या या दोन खोल्यांत माणूस जाऊन जाऊन जाणार कुठं. वरणात मीठ नव्हतं. मीही तसंच जेवले.

२१ जून, शनिवार
कुकटपल्लीहून आली ती पप्पा-पप्पा करतच. पप्पानं डोसा केला, पप्पानं सायकल शिकवली. "मी संडेला पण तिथंच राहू?" डोक्यात सणक गेली. आणि वर पुस्तक घेऊन मांडीवर बसली.

सातवं पान. पिल्लू विचारतं, "आई, माझी चूक आहे का?" खारीचं उत्तर: 'नाही बाळा, मुळीच नाही.' मी वाचलं: 'थोडी तुझीपण आहे. तू सारखी बाबांकडे जाते म्हणतेस ना, म्हणून.'

चिनूनं पुढचं पान उलटलं नाही. पुस्तक मिटून दप्तरात ठेवलं.

२४ जून, मंगळवार
तीन दिवस शहाण्यासारखी वागतेय. दूध न सांगता पिते. पप्पाचं नाव नाही. मला हेच पाहिजे होतं ना? हेच पाहिजे होतं.

२८ जून, शनिवार
सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, सोमवारीच. सु.नं केलं. मला कोण सांगणार.
चिनू आल्या आल्या: "आई, आजी अलग वाचती. आजीच्या किताबीत बाबा पळून नाही गेले."
"आजीला अजून नीट दिसत नाही." लगेच सुचलं. खोटं बोलायला मला कधी विचार करावा लागत नाही.
"अर्धीच वाचली. डोळ्यातून पाणी यायलं. बाकीची पुढल्या शनिवारी."
म्हणजे सातव्या पानापर्यंत पोचल्या नाहीत. पुस्तक आईच्या कपाटात, साड्यांखाली. चिनूला सांगितलं, हरवलं.
रडली नाही. विचारलं, "माझ्यामुळं हरवलं?"
नाही म्हणायला पाहिजे होतं. गॅसवर दूध होतं, त्या निमित्तानं उठले.

५ जुलै, शनिवार
आज दार सासूबाईंनी उघडलं. काळा चष्मा. "पुस्तक आणलं नाही का गं?"
"हरवलं."
"बरं." चष्मा वर करून माझ्याकडे बघत राहिल्या. "वाळलीस तू. आधी दिसलंच नव्हतं मला."
शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. येताना बसमध्ये रडले.

११ जुलै, शुक्रवार
बाई चिनूशी चाळीस मिनिटं बोलल्या. मग मला आत बोलावलं. तेलुगू बाई, हिंदीत शांतपणे: "बच्ची पूछ रही है, मैं पप्पा के पास जाना छोड़ दी तो घर फिर से एक होता क्या. किताब में लिखा है बोलती. वो किताब अगली तारीख को लाइए. यहाँ मराठी पढ़ने वाले हैं."
हरवलं, असं तोंडाशी आलं होतं. पण चिनू बाहेर बाकावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली दिसत होती. म्हटलं, आणते.

घरी येऊन साड्यांखालून पुस्तक काढलं. चिनूला जवळ बसवलं. सातवं पान. 'नाही बाळा, मुळीच नाही.' जसंच्या तसं. मग परत एकदा वाचलं.

ती पानाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "हरवलं होतं ना?"
"सापडलं."
"हे तू बनवलीस."
"नाही गं, हेच लिहेलं आहे."
"तवा पण हौ म्हणली होतीस." मग पान माझ्यापुढं धरून: "फोटो काढ. आजीला पाठव. आजी वाचंल."

फोटो काढलाय. सु.च्या नंबरवर पाठवावा लागेल. सासूबाई वाचतील, मग विचारतील, चिनू, आईनं आधी काय वाचलं होतं? ती सांगणार. सु. ते वकिलाला सांगणार. आणि नाही पाठवला तर चूक हिचीच राहते.

हे लिहितेय तोवर दोनदा येऊन गेली. आता तिसऱ्यांदा दारात उभी आहे. "गेला का फोटो?"