तुझ्या नावाचा पतंग

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. भाऊजींनाही सांग, आणि त्यांचा गुडघा आता जिना चढू देतो का तेही कळव. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? (विचारण्याचं कारण पुढे येईल. गोळी घेऊनच वाच.) माझी तब्येत छान आहे.

तर तुझ्या नावाचा पतंग. गवतावर जगणाऱ्या पतंगांची ओळख पटवणं म्हणजे डोक्याला ताप. सगळे वाळक्या गवताच्या रंगाचे. पंख मिटून काडीला बिलगले की काडी कुठली आणि पतंग कुठला, हे त्यांच्या आईलाही सांगता येणार नाही. पंखांवरून प्रजाती ठरत नाही, म्हणून आम्ही मेलेल्या पतंगाचं पोट सोडवतो, औषधात उकळतो आणि आतले अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. (‘मेल्यावर तरी सोडा बिचाऱ्याला,’ असं तू म्हणाली होतीस.) तीन वर्षांपूर्वी एकाच्या पोटात असं काही निघालं, की गवतावरच्या पतंगांच्या एकाही पुस्तकात ते सापडेना. नवी प्रजाती म्हणून मी ती जाहीर केली आणि तुझं नाव दिलं. भाऊजींनी ते छापील पान चौकटीत घालून बैठकीत लावलं आणि दूधवाल्यालाही वाचून दाखवलं.

परवा शेजारच्या टेबलावरच्या बाई सहज डोकावल्या. त्या धान्याच्या कोठारातले पतंग बघतात. म्हणाल्या, ‘‘पंख तुमच्याकडचे आहेत, पण पोट माझ्याकडचं दिसतंय.’’ मी हसलो. मग माझीच जुनी वही काढली. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं: पेटी हातातून पडली, दोन पोटं तुटली, डिंकाने चिकटवली. ती अदलाबदल करून चिकटवली, हे मात्र लिहिलेलं नव्हतं. म्हणजे ताई, तुझ्या नावाचा पतंग जगात कधी उडालाच नाही. तो मी डिंकाने बनवला.

बाई म्हणाल्या, त्या कुणाला सांगणार नाहीत. तेच जास्त लागलं. आई गेल्यावर माझ्यासाठी तू कॉलेज सोडलंस, त्यामुळे कुठल्याच प्रमाणपत्रावर तुझं नाव आलं नाही. ते कुठेतरी पक्कं छापलं जावं, एवढीच माझी हौस होती. त्या हौसेपायी मी पोट एकदाच पाहिलं. दुसऱ्या कुणाचं नाव द्यायचं असतं तर दहादा पाहिलं असतं. असो. आमच्या कामात चूक कबूल करणं हाही कामाचाच भाग आहे. त्याच दिवशी मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं आणि आता मन अगदी हलकं झालंय.

तुझा,
बारक्या

ता. क. – चौकट उतरवायची घाई करू नकोस. भाऊजींना हळूहळू सांग.

आणखी एक – वर ‘परवा’ लिहिलंय, त्याला आज अकरा दिवस झाले. दुरुस्तीचं पत्र खणातच आहे आणि मन हलकं वगैरे काही झालेलं नाही. ‘पाठव’ एवढंच लिहून कळव, लगेच पाठवतो. ‘राहू दे’ असं मात्र लिहू नकोस ताई, कारण तू म्हणालीस तर मी खरंच राहू देईन.