घरटी एक शिष्यवृत्ती

१२ जुलै
शिक्षक व्हायच्या कोर्सची स्कॉलरशिप मिळाली! सरकारने माझ्यातला शिक्षक ओळखला. घरच्यांना अजून जमलेलं नाही, पण घरचे ते घरचेच.
नियम असा, की घरटी एकच. अर्ज धाकटीनेही केला होता, मार्कही तिचेच जास्त. पण बाबा म्हणाले, थोरला आधी. मी शिक्षक होऊन बाहेर पडलो की मग तिचा नंबर. मी मधेच गळलो, तर मात्र घरच बाद, कायमचं. हे क्लार्कने दोनदा सांगितलं. काही लोकांना उगाच भेदरवायची हौस असते.
धाकटीला म्हटलं, माझं काय, चुटकीसरशी होईल. तोवर ती झेरॉक्सच्या दुकानात लागली आहे. तिलाही जरा व्यवहार कळेल.

१ ऑगस्ट
संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज एक पाठ तयार करणे. चहा कमी.

२ ऑगस्ट
साडेनऊला उठलो. झोपमोड झालेल्या माणसाने शिकवणं हा मुलांवर अन्याय आहे. चहा तीनदा.

१९ ऑगस्ट
मार्चच्या आत वीस सराव पाठ द्यायचे आहेत. खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांपुढे. मागच्या बाकावर कॉलेजच्या मॅडम तपासायला बसणार. वीस भरले नाहीत तर स्कॉलरशिप गेली. वर्गातल्या सगळ्यांनी लगेच नावं दिली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मी थांबलो. घाई करून शिक्षक होत नसतो.
धाकटी संध्याकाळी जिन्यात गल्लीतल्या पोरांना शिकवते. जुन्या दाराच्या फळीला काळा रंग फासून फळा केलाय. पोरं सारखी खिदळत असतात. शिस्तीचा पत्ता नाही. तिला तसं सांगितलं. ती बरं म्हणाली.

२२ नोव्हेंबर
पहिला पाठ! विषय बाष्पीभवन. आमच्यात पद्धत अशी, की विषयाचं नाव शिक्षकाने सांगायचं नाही. असे प्रश्न विचारायचे की ते मुलांच्याच तोंडून यावं. याला प्रस्तावना म्हणतात.
पाठ धाकटीने लिहून दिला होता, दुकानातून आल्यावर. त्यात ओल्या फडक्याने फळा पुसायचा आणि मुलांना तो वाळताना बघायला लावायचं, असं होतं. फडकं मी काढून टाकलं. भावी शिक्षकाच्या हातात फडकं शोभत नाही.
विचारलं, दोरीवरच्या ओल्या कपड्यांचं संध्याकाळपर्यंत काय होतं? एक म्हणाला, चोरीला जातात. विचारलं, पाणी कुठे जातं? एक मुलगी म्हणाली, सकाळी जातं, पण संध्याकाळी परत येतं. मी चिकाटी सोडली नाही. प्रस्तावनेतच घंटा झाली.
मॅडम म्हणाल्या, हा पाठ धरता येणार नाही. मी म्हटलं, पण पाया भक्कम झाला की नाही? त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. बहुधा भारावल्या.

९ जानेवारी
आतापर्यंत धरलेले पाठ: चार. वाईट नाही. उरलेले सगळे फेब्रुवारीत उरकायचे. मोठी माणसं शेवटी शेवटीच वेग घेतात.
धाकटी म्हणाली, दादा, सगळे पाठ मी लिहून देते, तू फक्त उभा राहा. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. दुकानातल्या मशीनचा त्रास असावा. तिला म्हटलं, घाबरतेस काय, मी आहे ना!

३ फेब्रुवारी
शाळेत गेलो. परीक्षा जवळ आल्या, आता सराव पाठांना वर्ग मिळणार नाही म्हणतात. मला कोणी सांगितलंच नाही. नोटीस बोर्डावर महिनाभर होतं म्हणे. बोर्डापाशी कायम गर्दी असते, मी कसा बघणार? नियोजनाच्या नावाने बोंब आहे सगळी.

१८ मार्च
खिडकीवर गेलो. क्लार्क म्हणाला, बाद. म्हटलं, ठीक आहे, माझं राहू द्या, बहिणीला द्या, ती हुशार आहे. त्याने रजिस्टरमध्ये आमचं घर काढलं, त्यावर रेघ मारली आणि म्हणाला, मी दोनदा सांगितलं होतं. मी समजावणार होतो. तेवढ्यात त्याने पुढच्याला हाक मारली.

संध्याकाळी
घरी सांगितलं. नियमच मुळात चुकीचा आहे इथून सुरुवात केली. छान प्रस्तावना झाली होती. बाबांनी शिलाई मशीन थांबवलं. आईने एवढंच विचारलं, म्हणजे हिचंही गेलं? मी हो म्हणालो. बाबांनी सुईत दोरा ओवायला घेतला. ओवला जाईना.
धाकटीने सुई त्यांच्या हातून घेतली आणि दोरा ओवून दिला. मग म्हणाली, दादा, ते ओलं फडकं काढायला नको होतंस.

२० मार्च
तिने जिन्यात पोरांना बाष्पीभवन शिकवलं. ओल्या फडक्याने फळा पुसला आणि नुसती उभी राहिली. पोरं वाळणाऱ्या फळ्याकडे टक लावून बसली. सगळ्यात लहान पोरगी म्हणाली, ताई, पाणी हवेत गेलं! इतकंच होतं तर.
मग तिने सांगितलं, उद्यापासून शिकवणी बंद, दुकानात संध्याकाळचीही पाळी घेतली आहे. पोरं खिदळायची थांबली. मला शिस्त हवी होती, ती आज आली. तीच पोरगी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, मग दादा शिकवतील ना? ते तर शिक्षकाचंच शिकतात.
म्हटलं, मला येत नाही गं.
पोरांना वाटलं मी गंमत करतोय. सगळी हसली. धाकटी फळा उचलून आत घेऊन गेली.