खुराड्याखालचे दाणे

३ ऑक्टोबर, सोमवार

अंड्यांच्या टोपलीत उंदराच्या लेंड्या! काळ्या, बारीक. जिऱ्यासारख्या लिहिणार होते, पण मग उद्या फोडणीत जिरं टाकवणार नाही.

टोपली फेकली. अंड्यांसकट फेकली. हे म्हणाले, "धुतली असती की." धुतली असती म्हणे. चौतीस वर्षं औषधांच्या दुकानात कंपाउंडर होते, हात धुतल्याशिवाय चमचा उचलला नाही कधी. त्या माणसाने हे म्हणावं!

कोंबड्यांची हौस त्यांची. निवृत्त झाले आणि महिन्याभरात परसात खुराडं उभं राहिलं, सहा कोंबड्या आल्या. मला अंड्यांशी मतलब होता. आता तोही उरला नाही.

४ ऑक्टोबर

लेकीचा फोन. अठ्ठावीस तारखेला बाळाला घेऊन येते म्हणाली, दोन आठवड्यांसाठी. नातू सात महिन्यांचा झाला आणि मी त्याला अजून हातात घेतलेलं नाही. फोनच्या काचेतून किती बघायचं?

आणि मी काय केलं? आनंदाच्या भरात उंदरांचं सांगून बसले. मग म्हणाली, "आई, उंदीर असतील तर मी नाही आणणार त्याला. तो रांगतो गं, दिसेल ते तोंडात घालतो."

तिला बोलू नये ते बोलले, पण ती काय चूक म्हणाली? आता चोवीस दिवसांत उंदीर तरी जातील, नाही तर नातू तरी येणार नाही.

६ ऑक्टोबर

शिवणघरातल्या कामावरून अडीचला सुटले ती थेट हार्डवेअरच्या दुकानात. जाळीवाला म्हणाला, "कोंबड्यांची जाळी लावलीय का? मावशी, त्या जाळीने कोंबडी आत राहते. उंदीर बाहेर राहत नाही." खिशातलं पेन काढून दाखवलं. हे जिथून जाईल तिथून उंदराचं पिल्लू जातं म्हणे. बारीक चौकटीची जाळी घेतली. पत्र्याच्या पट्ट्याही.

उंदरांचं औषध मागितलं तर त्याने मान हलवली. औषध खाल्लेला उंदीर कोंबडीने खाल्ला तर कोंबडी गेली, आणि तिचं अंडं तुम्ही खाल्लंत तर तुमचंही काही खरं नाही.

मी म्हटलं, कोंबडी उंदीर खाते?

तो नुसता हसला.

७ ऑक्टोबर

खाते. आज बघितलं. सगळ्यात जाडी, जिला आम्ही मुकादमीण म्हणतो, ती परसभर पळत होती आणि चोचीतून शेपूट लोंबत होतं. बाकीच्या पाचजणी मागे. मग तिने मान वर केली आणि गिळलं.

यापुढे या घरातलं अंडं मी खाणार नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

दोघांनी मिळून जाळी ठोकली. यांचा हात अजून पक्का आहे, खिळा सरळ जातो. खालून पत्र्याची पट्टी वीतभर जमिनीत पुरली. काम करताना बरं वाटलं खरं. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एका कामाला लागलो होतो.

आणि मग मी अंडी घालायच्या खोक्यातला पेंढा उपसला. आत गुलाबी, डोळे न उघडलेली, करंगळीच्या पेराएवढी. सात-आठ असतील. वळवळत होती. माझा हात त्यांना लागला! साबणाने चार वेळा धुतला तरी तो हात जेवायला घेववेना. यांनी खोकं उचललं आणि कुंपणापलीकडे कुठेतरी नेलं. काय केलं ते विचारलं नाही. विचारायचंही नाही.

१२ ऑक्टोबर

चापाच्या सापळ्यात आज सापडलं एकच. माझा अंगठा.

१४ ऑक्टोबर

दाण्यांचं पोतं संपलं.

तीन तारखेला आणलेलं. वीस किलोचं. सहा कोंबड्या, रोज चार मापं, म्हणजे महिनाभर पुरतं, आजवर पुरत आलंय. दाणेवाला म्हणाला, "महिन्याचं पोतं अकरा दिवसांत? उंदीर आहेत का रेडे पाळलेत?"

मीच विचार करतेय. पोत्याचे तीनातले दोन हिस्से खाणारे किती उंदीर असतील? भिंतीत, जमिनीत, पेंढ्यात, माझ्या पायाखाली किती? रस्त्याने येताना सगळं अंग खाजत होतं. नवं पोतं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओतलं. आता खा म्हणावं पत्रा.

१५ ऑक्टोबर

कामावरून आले तर डब्याचं झाकण उघडं! सताड. वर माप तसंच पडलेलं.

म्हटलं, अहो, सकाळी दाणे टाकल्यावर झाकण लावायला काय होतं? म्हणाले, "मी लावलं होतं." मग कुणी उघडलं, मुकादमिणीने? म्हणाले, "मी चार मापं टाकली, एकदा, सकाळी सातला. झाकण लावलं. मोजून देण्यात माझी कधी चूक झालीय?"

ते खरं आहे. गावभर यांच्या मोजून देण्याचं नाव होतं. पण झाकण उघडं होतं, हेही खरं. उतारवयात खोटं बोलायला लागलेत. उंदरांपेक्षा मला त्याचाच जास्त राग आला.

१७ ऑक्टोबर

पुन्हा झाकण उघडं. पुन्हा "मी लावलं होतं." भांडायचा कंटाळा आला.

१९ ऑक्टोबर

नऊ दिवस राहिले. सुट्टी काढून खुराडं खरवडलं. हे बिलं भरायला बाहेर गेले होते, म्हटलं नाहीतर "अगं हळू, अगं कोंबड्या घाबरतील" चालू झालं असतं.

पेंढा काढला, खाली दाणे. माती खरवडली, खाली दाणे. मुतात भिजलेले, बुरशी धरलेले, काहींना मोड फुटलेले. वास असा की तोंडाला पदर बांधूनही डोळ्यांतून पाणी. डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणतात, इथे उंदीर पोखरायला गेले तर दाण्यांचा डोंगर निघाला. घमेली भरभरून दाणे!

उंदरांनी साठवले असतील म्हणावं तर ते बिळात नेतात. हे तर वरचेवर टाकल्यासारखे पसरलेले, थरावर थर. कुणीतरी आमच्या परसात दाणे टाकतंय. आणि मला माहीत आहे कोण.

२१ ऑक्टोबर

शेजारीण रोज तिच्या गच्चीवर पाखरांना टाकते. आज जाऊन तोंडावर सांगितलं. तुमच्या पाखरांपायी माझ्या घरात उंदीर झालेत, माझा नातू यायचा राहतोय. जरा जास्तच बोलले.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "वहिनी, मी मूठभर टाकते, तेही गच्चीवर. तुमच्याकडे तर सकाळपासून टाकणं चालूच असतं. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

म्हटलं, काय माहीत आहे?

ती म्हणाली, "भाऊजींना विचारा." आणि दार लोटून घेतलं.

२२ ऑक्टोबर

विचारलं. म्हणाले, "एकदाच. सातला. किती वेळा सांगू?" चेहरा असा दुखावलेला की मीच ओशाळले. हा माणूस मुद्दाम खोटं बोलत नाही. चाळीस वर्षांत मला एवढं तरी कळलंय. मग शेजारीण खोटी? तिला काय पडलीय?

मी सकाळी साडेसहाला बाहेर पडते. सकाळी घरात काय चालतं ते मी बघितलेलंच नाही.

२३ ऑक्टोबर, रविवार

आज घरी होते, पण ते दिवसभर माझ्याच मागे. काही कळलं नाही. उद्या कामावर जाते असं सांगून मागच्या दाराने परत येणार आहे. नवऱ्यावर पाळत! लाज वाटते लिहायला.

२४ ऑक्टोबर

स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून राहिले. सातला त्यांनी चार मापं मोजून टाकली, झाकण लावलं, कोंबड्यांशी बोलले. पावणेआठला पुन्हा आले. चार मापं मोजली. टाकली. पावणेनऊला पुन्हा आले. मापाच्या काठावरचा जास्तीचा दाणा बोटाने सारखा केला, तसाच, दुकानात करायचे तसा. एकही दाणा चुकला नाही. झाकण तेवढं राहिलं.

मग आत आले. मी घरात कशी, हे विचारलंही नाही. म्हणाले, "अगं, आज कोंबड्यांना अजून दाणे टाकले नाहीत. माप कुठे ठेवलंस?" माप त्यांच्या हातात होतं.

मी या माणसाला खोटारडा म्हटलं. याच वहीत.

लेकीला फोन लावला. पहिलंच तिने विचारलं, उंदीर गेले का? म्हटलं, नाही गेले. बाळाला सासूबाईंकडे ठेव, पण तू अठ्ठावीसची वाट बघू नकोस. उद्याच ये.