म्हैस विकलीच नव्हती

१२ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. तू बरा असशील. इकडे आम्ही बरे आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती काही बसून राहत नाही. खाणीतलं तुझं काम कसं चाललंय?

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकला असशील. पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. तुझा फोन नंबर शोधला असता तर मिळाला असता, पण मुद्दामच शोधला नाही. फोनवर माणूस बोलता बोलता सावरून घेतो. कागदावर तेवढं सोपं जात नाही.

मुद्द्याचं बोलतो. दलदलीच्या पलीकडच्या कडेची तोड यंदा माझ्याकडे आहे. पाऊस कमी झाला, पाणी खाली गेलं, म्हणून ठेकेदार म्हणाला, आहे तोवर ओढून घ्या. माझा ट्रॅक्टर आता खोकणारा म्हातारा झालाय, त्याला मी आत नेतच नाही. कडेला घट्ट जमिनीवर उभा करतो, मागून एका जाड बुंध्याला साखळीनं जखडतो आणि विंचच्या फिरकीवरचा तारेचा दोर आत सोडून एकेक ओंडका खेचतो. दिवसाला सात-आठ निघतात. कधी दोर तुटतो, कधी माझं डोकं फिरतं.

काल एक ओंडका मधेच अडला. दोर ताणला तशी ट्रॅक्टरची पुढची चाकं वर उचलली. खाली जुना बुडखा असेल म्हणून फळ्या टाकत आत गेलो आणि फावड्यानं उकरलं. हातभर खाली लोखंड लागलं. धुराडं होतं. त्यावर पत्र्याच्या डब्याची टोपी होती, बाबांनी कापून बसवलेली.

दादा, ती आपली म्हैस आहे, बाबांचा जुना ट्रॅक्टर. लोखंडी पट्ट्यांवर चालणारी, तीन मालकांकडे फिरून आलेली, चिखल दिसला की हिला बसावंसं वाटतं असं बाबा जिच्याबद्दल म्हणायचे, तीच. दुसरी कुठली असणार?

तू मला सांगितलं होतंस की म्हैस विकली. कुणाला, तर म्हणे विचारू नकोस. दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून निघून गेलास. तेव्हापासून मी लाकडाच्या वखारीत, चहाच्या टपरीवर, जो भेटेल त्याला सांगत आलो की माझ्या भावानं घरची गाडी परस्पर फुंकली आणि पोबारा केला. आता विकलेली वस्तू गाळात कशी सापडते ते तूच सांग. माझ्या हाती लागू नये म्हणून बुडवलीस का? की आणखी काही लपवायचं होतं?

सरळ उत्तर दे. गोल गोल लिहिलंस तर मला कळेल.

तुझा धाकटा भाऊ

२७ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. ‘ती आहे तिथे राहू दे. आईला तिकडे नेऊ नकोस.’

पहिली ओळ समजली. चोर असता तर त्यानं तेच लिहिलं असतं. पण दुसऱ्या ओळीवर मी दोन दिवस अडकलो. माझ्या पत्रात तिच्या गुडघ्यांशिवाय काही नव्हतं. तिला तिकडे न्यायचा विचार माझ्या स्वप्नातही नव्हता. तो तुझ्या डोक्यात का आला?

तू नको म्हणालास म्हणूनच म्हैस बाहेर काढली, हे कबूल करतो. तीन दिवस लागले. टिल्लू मिस्त्री मदतीला होता. आपला तोच, अंगानं दोन वितींचा आणि तोंडानं दहा हातांचा. दोन कप्प्या लावल्या. पहिल्या दिवशी ज्या बुंध्याला जखडलं होतं तो मुळासकट उपटून आला आणि आमच्या डोक्यांना चाटून गेला. दुसऱ्या दिवशी फांद्यांचा थर अंथरला, त्यावर ओंडके आडवे टाकले. तिसऱ्या दिवशी दुपारी गाळानं एकदाचा मोठा उसासा सोडला आणि ती वर आली. काळा गाळ काही कुजू देत नाही. पाण्यानं धुतली तर सीटचं कातडंसुद्धा शाबूत.

मग मी वर चढून नीट पाहिलं. किल्ली जागेवर होती. गिअर पहिला. हँडब्रेक सोडलेला. म्हणजे ती घसरत गेली नाही, कुणीतरी चालवत नेली. बसायला गेलो तर गुडघे स्टिअरिंगच्या दांड्यांवर आपटले. सीट पार पुढच्या खाचेत सरकवलेली. आणि क्लचच्या पेडलवर लाकडी ठोकळा बांधलेला.

तू माझ्यापेक्षा चार बोटं उंच. तुला ठोकळा कशाला लागतो?

माझी नजर आधी टिल्लूकडे गेली. त्याला खाली उतरूही दिलं नाही. विचारलं, “ही तू बुडवलीस का?” तो चिडलाच नाही. सीटवर बसून पाय लांब केले आणि म्हणाला, “बघा, माझे पाय पोचतात. माझं आखूड आहे ते वरचं.” मग वाकून त्यानं ठोकळा पाहिला आणि त्याचं हसू मावळलं. म्हणाला, “मी असतो तर तारेनं बांधला असता. हा ट्यूबच्या पट्टीनं बांधलाय. तुमच्या घरी पोत्यांची तोंडं अशी कोण बांधतं?”

मी त्याला म्हटलं, घरी जा.

दादा, तू कुणाला पाठीशी घालतोयस ते मला कळायला लागलंय. पण आई तर नेहमी सांगत आलीय की तिनं आयुष्यात त्या यंत्राला हात लावला नाही. तुम्हा दोघांतलं एक जण माझ्याशी खोटं बोललंय. बहुतेक दोघंही. माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर बसून.

तू उत्तर देईपर्यंत मी थांबणार नाही.

धाकटा

९ मार्च

ती. दादास,

सप्रेम नमस्कार.

तू नको म्हटलं होतंस तरी आईला तिकडे नेलं. काय सापडलंय ते सांगितलं नाही. म्हटलं, डबा घरीच ठेवून जातोय, दुपारी घेऊन ये, जरा फिरणंही होईल. आईला फसवून बोलावलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मला तिचा चेहरा बघायचा होता.

ती ओंडक्यांच्या वाटेनं आली. म्हशीवर मी ताडपत्री टाकली होती, ती ओढून काढली. आईनं डबा खाली ठेवला. मला वाटलं होतं, रडेल, नाहीतर कानावर हात ठेवेल. ती पुढे गेली, डाव्या पट्ट्याच्या कडेवर पाय ठेवला, न बघता वरची कडी धरली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी सीटवर जाऊन बसली. जन्मभर चालवणारा चढतो तशी. पाय थेट पेडलवर.

म्हणाली, “तुम्ही दोघं जन्मायच्या आधी तुझ्या बाबांबरोबर मीच चालवत होते. पहिला झाला तसं यांनी सांगितलं, आता पुरे. मग मीही सांगायचं सोडलं.”

मी विचारलं, “बुडवली कुणी?”

“मी.”

“का?”

“तुला खरंच विचारायचंय?”

नव्हतं विचारायचं. म्हैस बाबांवर कलंडली त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्यांना खालून काढलं आणि त्याच आठवड्यात आपण ती सरळ करून पुन्हा कामाला लावली. मी दोर बांधत होतो, तू चालवत होतास. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. लाकूड ओढायचं होतं. आई म्हणाली, रोज संध्याकाळी म्हशीचा आवाज येईपर्यंत ती ओट्याला धरून उभी असायची. पुढे बाबा गेले त्याच जागची तोड तू घ्यायचं ठरवलंस, तेव्हा तिनं तुला तीनदा नको म्हटलं. तू हसलास. मी तर ऐकलंच नाही.

आपण दोघं वखारीत गेलो होतो त्या दुपारी तिनं ठोकळा बांधला, म्हैस सुरू केली, वाट सोडून आत घातली आणि ती कलायला लागल्यावर उडी मारली. आई कमरेपर्यंत गाळात होती, फांदी धरून निघाली. तू आधी घरी आलास. ती हौदापाशी पाय धूत होती. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एवढंच म्हणालास, “धाकट्याला सांगू नकोस. तो काढायला जाईल.”

हे मी तिला दोनदा विचारलं, एक दिवस सोडून. दोन्ही वेळा शब्द तेच आले. तरी मनात येतंच की तुला इथून सुटायचंच होतं, आणि निमित्त मिळालं. असेलही. तुझं तुला ठाऊक. पण तू माझ्याबद्दल बोललास ते खोटं नाही. अकरा वर्षांनी का होईना, मी काढायला गेलोच. त्या उपटलेल्या बुंध्याचं मी आईला सांगितलेलं नाही. टिल्लूलाही गप्प राहायला सांगितलंय. म्हणजे आता मीही तुमच्यातलाच झालो.

म्हैस ओढून घरापुढे आणली आणि सोमवारी भंगारवाल्यानं तुकडे करून नेली. आई दारात उभी राहून पाहत होती. शेवटचा तुकडा गाडीत चढला तशी आत गेली आणि आडवी झाली. दिवसाउजेडी आडवी झालेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

संध्याकाळी मी विचारलं, तू त्याला जाऊ का दिलंस? ती म्हणाली, “एकाला तरी कोरड्या जमिनीवर धाडलं, असं वाटलं. जाताना त्याला म्हटलं होतं, जागा कशी आहे ते कळव. त्यानं एक ओळ लिहिली नाही. त्याचंही बरोबर आहे. चोर म्हणवून घ्यायला लावलं मी त्याला. कशाला लिहील?”

दादा, मी तिच्यासमोर जेवत होतो. ताट सरकवून उठलो.

तू पाच पत्रं लिहिलीस. पाचही तिच्या नावानं होती आणि पाचही माझ्या हाती पडली. पहिलं मी फोडलं. म्हैस कुणाला विकली ते त्यात असेल असं वाटलं होतं. त्यात खाणीचं लिहिलं होतंस, आणि लिहिलं होतंस, ‘आई, इथं सगळा खडक आहे. पाय रुतत नाही. तू आता झोपत जा.’ मला वाटलं, चोर ऐट मिरवतोय. ते मी पाणी तापवायच्या बंबात घातलं. बाकीची चार न फोडताच घातली. एक पाकीट तेवढं ठेवलं, चोराचा पत्ता जवळ असलेला बरा म्हणून. तोच पत्ता या पत्रावर आहे.

तिला हे अजून सांगितलेलं नाही. सांगायला तीनदा उठलो आणि तीनदा पाणी पिऊन परत बसलो. तुझ्या आधी तिला कळलं पाहिजे होतं, हे मला समजतं. पण तुझ्यासमोर कागद आहे, तिच्यासमोर मी.

तू तिला पुन्हा लिही. जागा कशी आहे ते लिही, आणि माझ्याबद्दल तुला जे वाटतं तेही लिही, काही गाळू नकोस. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मोठं काढ. पत्र आलं की मी ते तिच्या हातात देईन आणि ती वाचेपर्यंत बाहेर जाऊन उभा राहीन.

पाकीट फोडणार नाही.

ज्याला तू वाचवलंस तो,
तुझा भाऊ