तळ्यातील शिंपल्यांचा खरा दोषी कळविण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
गोल्फ मैदान विभाग, नगरपालिका.

विषय : पाइप-फिटरचे निलंबन रद्द करून मला कामावरून काढणेबाबत.
संदर्भ : आपला निलंबनाचा आदेश व त्याच दिवशीचे माझ्या नेमणुकीचे पत्र.

महोदय,

मी आपल्या मैदानावरील तळ्यात बुडी मारून खेळाडूंचे हरवलेले चेंडू काढतो. निलंबित फिटर माझा साडू आहे. तथापि हा अर्ज नात्यापोटी नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

२. तळ्याच्या पाण्यावर मैदानाचे फवारे चालतात. त्यात बाहेरचे शिंपले वाढून पाइप तुंबले, हिरवळ करपली आणि पाइप धुतले नाहीत असा ठपका साडूवर आला. साहेब, तो धूत होता. शिंपले मी आणले. मी दुसऱ्या एका क्लबच्या तळ्यातही चेंडू काढतो, तिथे त्यांचा नुसता बुजबुजाट आहे. तिथून आल्यावर जाळी व पोशाख उन्हात खडखडीत वाळवूनच इथे उतरायचे, असा नियम साडूनेच घातला होता. गेल्या वर्षी स्पर्धेच्या घाईत मी ओली जाळी तशीच पाण्यात टाकली. "वाळली का?" असे त्याने विचारले, तेव्हा मी खुशाल हो म्हणालो. शिंपल्यांची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून निभावले.

३. पुढे पंपाच्या तोंडावरचे शिंपले मीच बुडी मारून खरवडले, त्याबद्दल आपण माझा सत्कार केलात. तेव्हाच मी आपल्या कानात खरे सांगितले, तर आपण विनय समजून पाठ थोपटलीत. साडू मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

४. आता त्याच्या जागी माझीच नेमणूक झाली आहे. माझी बायको बहिणीसमोर जायचे टाळते. काल साडू स्वतः आला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. शिंपल्यांच्या कडा फार कापतात, पाइपच्या कामात तू नवखा आहेस, सांभाळून कर, असे म्हणून आपले हातमोजे ठेवून गेला. ते घालण्याची माझी लायकी नाही.

तरी साडूला तातडीने कामावर घ्यावे आणि या अर्जाची एक प्रत कार्यालयामार्फत त्याला पाठवावी, ही कळकळीची विनंती. त्याचे घर आमच्या भिंतीला लागूनच आहे, पण तोंडाने सांगायला माझी जीभ उचलत नाही.

आपला अपराधी,
(सही)
चेंडू काढणारा पाणबुड्या

दिनांक : नव्या जागी रुजू होण्याचा

सोबत : हातमोजे, एक जोड (ज्याचे त्याला द्यावेत).