दोन हजार नोटिसा

३ तारीख, सोमवार
पगारी रजेचा नवा कायदा लागू. घरचं माणूस आजारी असेल तर पाच दिवस, मालकाने कुरकुर न करता द्यायचे. नोटीसही भिंतीवर लावायची. बाकीचे मालक कपाळाला हात लावून बसलेत. मी नाही. आपल्या प्रेसमध्ये सगळे घरच्यासारखेच. शिवाय त्याच नोटिशीच्या दोन हजार प्रती छापायची ऑर्डर मला! संकल्प: पहिली नोटीस आपल्या भिंतीवर, फ्रेम करून.

५, बुधवार
मशीनमन काकांनी रजा मागितली. काकू हॉस्पिटलात आहेत. कायदा त्यांनी प्रूफमध्येच वाचलेला! म्हटलं, हक्कच आहे तुमचा, फक्त लेखी अर्ज द्या आणि शनिवारी ऑर्डर जाऊ द्या. जुनं मशीन त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. काका बरं म्हणाले. किती समजूतदार माणूस! खराब निघालेल्या नोटिशीच्या पाठीवर अर्ज लिहून दिला.

६, गुरुवार
अर्ज ड्रॉवरमध्ये. मंजूरच आहे, सही तेवढी राहिलीय. काका दोनदा फोन घेऊन बाहेर गेले. मशीनचा आवाज फार.

७, शुक्रवार
काकूंना फुलं पाठवायची ठरवलं. शाळा सुटली की मी प्रेसमध्ये यायचो, तेव्हा काकांच्या डब्यात काकू माझा वाटा वेगळा ठेवायच्या. दुपारी शाई संपली. धावपळीत फुलं राहिली.

८, शनिवार. दुपारी दोन
ऑर्डर पूर्ण! अर्जावर सही केली. वाचत बसलो नाही, मजकूर काय तोच असणार. सोमवारपासून पाच दिवस, भरपगारी. द्यायला गेलो तर मशीन बंद. बाइंडर म्हणाला, हॉस्पिटलातून फोन आला, काका तसेच तिकडे धावले. काकू गेल्या होत्या.

१२, बुधवार
काका कामावर हजर. म्हटलं, रजा मंजूर आहे, घरी थांबा. म्हणाले, घरी कोण आहे आता?
नोटीस लावायला काढली तर दोन हजारच्या दोन हजार गेलेल्या. उरली फक्त अर्जाची पाठ. तीच लावू म्हणून अर्ज बाहेर काढला, तेव्हा पहिल्यांदा वाचला. पाच दिवस मागितलेच नव्हते. 'गुरुवारचा एक दिवस मिळावा. ती माझ्या हातूनच पाणी पिते.'
केबिनचं दार लावून रडलो. मग छापील बाजू वर करून कागद भिंतीला लावला. वाकडा लागला. काकांनी येऊन सरळ केला आणि मशीन चालू केलं.